आजची फक्की, किसन रेफ्री

किसनभाऊजी शेवटच्या भेटीतसुद्धा माझ्याशी भांडलेच. दौंडच्या रेल्वे दवाखान्यात खाटेवर उशीला टेकून बसले होते. छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी बोलणं बंद केलेलं. मी जेवणाचा डबा, धुतलेले कपडे, औषधाची चिठ्ठी अशी माझ्या यादीतली कामं एकेक उरकत होते, तेवढ्यात त्यांनी हातातलं वर्तमानपत्र माझ्या नाकासमोर धरलं. परदेशातल्या कुठल्याशा पगारी फुटबॉलपटूंनी पैसे घेऊन सामना मुद्दाम घालवला होता. ते पकडले गेले आणि त्यांना काही महिने खेळायला बंदी झाली होती.

“काही महिने!” भाऊजी ओरडले. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबाबा दचकून उठून बसले. “वहिनी, ही शिक्षा हाय का सुट्टी? घरी बसून पाय चेपून घेतील आन् परत मैदानात! वर दंड झाला तर तो त्यांचा क्लब भरणार!”

“मग काय फाशी द्यायची?”

“फाशी कशाला? फक्की मारायला लावायची! सगळ्या स्टेडियमसमोर, मैदानाच्या रेघा आखायला हातात चुन्याचा डबा देऊन. आन् लाउडस्पीकरवर नाव. तुम्ही पत्र लिहा.”

“कुणाला?”

“ज्याच्या हातात हाय त्याला!”

नर्स धावत आली. मी म्हटलं, उद्या लिहिते, आता पडा. ते पडले, पण बोट वर करून. सामना थांबवल्यावर रेफ्री करतो तसं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत खेळाच्या सामानाची यादी करत बसले होते. भाऊजींच्या लोको शेडमधला एक माणूस वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. “बाई, किसनभाऊ गेले,” तो म्हणाला.

याला आता काही आठवडे झाले. जलदान विधी झाला, माणसं आली, गेली. पत्र काही मी लिहिलं नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे, कारण शिक्षा कडक असावी की नसावी, हा आमचा वाद इतकी वर्षं चालला आणि त्याच्या मुळाशी माझ्याच माहेरचा एक माणूस होता.

नात्यानं भाऊजी माझे धाकटे दीर. गावाला मात्र ते किसन रेफ्री. लोको शेडमध्ये फिटर होते. आठवडाभर इंजिनाच्या पोटात आणि रविवारी रेल्वेच्या मैदानावर. माझे यजमान गार्ड, म्हणजे घरात कमी आणि गाडीवर जास्त. क्वार्टरच्या दोन खोल्यांतली पुढची भाऊजींची होती. लग्नाचा विषय काढला की खिशातली शिट्टी काढून वाजवायचे आणि म्हणायचे, “ऑफसाइड, वहिनी.” माझं माहेर शिरूरचं. लग्न होऊन आले तेव्हा न्हावऱ्यामार्गे जाणाऱ्या एस.टी.च्या वेळा आणि फुटबॉलचे नियम, या दोन गोष्टी मी एकदमच पाठ केल्या. पहिल्या माझ्या गरजेच्या होत्या. दुसऱ्या या घरात राहायचं तर जेवतानासुद्धा लागायच्या. आमटीची वाटी म्हणजे गोल, मिठाची डबी म्हणजे गोलकीपर.

मला शाळेत नोकरी लागली. अक्षर बरं, आवाज खणखणीत आणि याद्या करायची खोड, एवढ्या भांडवलावर भाऊजींनी मला दौंड-शिरूर फुटबॉल स्पर्धेच्या कमिटीत ओढलं. संघांच्या नोंदी, पाण्याचे माठ, लिंबं, टिंक्चर, कापूस आणि माइक, सगळं माझ्याकडे. बाईमाणूस माइकवर कसं, अशी कुरकुर झाली. भाऊजी म्हणाले, “वर्गभर पोरं एका डोळ्यानं गप करत्यात त्या. तुम्ही काय चीज हाय?” कुरकुर संपली.

त्यांचं कुणाशी भांडण नव्हतं, पण नियमपुस्तकाशी होतं. “वहिनी, हे बघा. खेळता खेळता चेंडूला हात लावला तर काय? फ्री किक. आन् ठरवून, रेफ्रीची पाठ बघून हातानं गोल चोरला तर काय? ते बी फ्री किक! ते बी सापडला तर. न्हाई सापडला तर कप. धक्का लागून कुणाची बरणी फुटली आन् कुणी बरणीच पळवली, दोन्हीला एकच दंड?”

मी मास्तरीण. मी म्हणायचे, “भाऊजी, शिक्षा वाढवली म्हणून पोरं कॉपी करायची थांबत नाहीत. जास्त हुशारीनं करतात.”

“म्हंजी मोकळं सोडायचं?”

“मोकळं नाही. पण एका पेपरापायी शाळेतून काढायचं का?”

“काढायचं!” ते म्हणायचे आणि भाकरीचा तुकडा आमटीच्या गोलात जायचा.

आमच्या स्पर्धेत एक जुनी रीत होती. उशिरा येणाऱ्या संघाच्या कॅप्टननं पुढच्या सामन्याआधी मैदानावर फक्की मारायची, म्हणजे चुन्याच्या पुडीनं रेघा आखायच्या. ऐकायला हलकी शिक्षा, पण करून बघा! माणसं आधीच कडेनं येऊन बसलेली, शेंगा फोडत. मध्ये तुम्ही एकटे, हातात डबा, वाकलेले. रेघ जराशी हलली की चहूकडून ओरडा. “अरं, भीमा बी इतकी वळत न्हाई!” चांगले दांडगे कॅप्टन त्या डब्यापुढे लाल व्हायचे आणि पुढच्या वेळी उजाडायच्या आत हजर. डबा भाऊजींनीच शेडमध्ये बनवला होता. वनस्पती तुपाचा रिकामा डबा, तळाला खिळ्यानं पाडलेली भोकं आणि वर जाड तारेची मूठ. सामने संपले की तो आमच्या दारामागच्या खिळ्याला.

आता मुरलीकडे येते. मुरली माझा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची आणि मुरली शिरूरच्या मोटारस्टँडजवळ सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा. पण त्याचा डावा पाय! मी बहीण म्हणून नाही सांगत. त्या पायातून चेंडू सुटला की माणसं शेंग तोंडात तशीच धरून बघत राहायची.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात, मध्ये बंद पडलेली आमची स्पर्धा पुन्हा सुरू झाली. मैदानावर मारायला पाणी होतं, माणसांच्या अंगात हुरूप होता आणि फायनलला आले दौंड आणि शिरूर! रेफ्री कोण, यावर शिरूरच्या संघाचे कारभारी सावळेराम आबा म्हणाले, “किसनच पायजे. दौंडचा असंना, आमचा सोयरा असंना. शिट्टी तोंडात घेतली की बापाला वळखत न्हाई त्यो.” त्यातच बातमी आली की मुंबईच्या एका कापडगिरणीचे साहेब सामना बघायला येणार आहेत. गिरणीचा फुटबॉल संघ होता. खेळाडू आवडला तर नोकरी, काम नावाला आणि पगार खेळायचा. आमच्या घरात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. आईनं शिरूरहून निरोप धाडला, मुरलीला सामन्याआधी दोन केळी दे. मी यादीत लिहिलं, केळी.

काय सामना झाला तो! मी माइकवर होते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात माझा आवाज निघत नव्हता. पहिल्याच हाफमध्ये मुरलीनं मैदानाच्या मधल्या रेघेपासून थोडं पुढे येऊन डाव्या पायानं असा शॉट मारला की चेंडू बारला लागला आणि बार नुसता थरथरत राहिला. गोल नव्हता, तरी शेजारच्या लाइनवरून मालगाडी घेऊन चाललेल्या ड्रायव्हरनं इंजिनाची शिट्टी दिली! मग दौंडनं गोल केला, शिरूरनं फेडला. बरोबरी. शेवटची काही मिनिटं उरली. शिरूरला कॉर्नर मिळाला. चेंडू वरून आला, दहा-बारा माणसं एकदम उडाली, धुळीचा लोट उठला आणि चेंडू जाळीत! भाऊजींनी शिट्टी फुंकून मध्याकडे हात केला. गोल! दौंडची पोरं “हँड, हँड” म्हणून त्यांना घेरत होती. भाऊजींनी लाइन्समनकडे पाहिलं. ते खुटबावचे एक मामा होते. झेंडा काखेत धरून तंबाखू मळत होते. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. गोल राहिला, कप शिरूरला गेला. साहेबांनी मुरलीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “पत्र पाठवतो. तयारीत राहा.”

दिवेलागणीला मुरली आमच्याकडेच जेवायला, भाऊजींच्या पंगतीला. मुरलीचं जेवणाकडे लक्ष नव्हतं, इतका आनंद. बाहेर तो रेफ्री आणि हा खेळाडू. घरात मात्र सोयरे, आणि सोयऱ्यांत थट्टा चालतेच. मुरलीचं चुकलं ते तिथे. त्याला वाटलं, सामना संपला, आता पानावर बसल्यावर कसली रेफ्रीगिरी.

“धाकले दाजी, एक सांगू का? रागवायचं न्हाई.”

“सांग की.”

“ते दौंडवाले खरं बोंबलत हुते.” आणि त्यानं डावा हात डोक्यावर नेऊन चेंडू हळूच ढकलल्यासारखं करून दाखवलं. “तुम्हाला दिसलंच न्हाई वो!” आणि पोट धरून हसला.

भाऊजी हसले नाहीत. हातातला घास त्यांनी खाल्ला. पानातलं सगळं संपवलं. उठले, हात धुतले, टॉवेलला पुसले आणि मुरलीसमोर येऊन बसले.

“परत दाखव.”

मुरलीचा हात या वेळी डोक्यापर्यंत गेला नाही.

“उद्या सकाळच्या गाडीनं साहेब जाणार हाय. आपण त्येला सांगायचं. मग कमिटीला.”

मी ताटं उचलत होते ती तशीच खाली ठेवली. “भाऊजी, रेफ्रीचा निकाल शेवटचा असतो, हे तुमच्याच पुस्तकात आहे. आणि याची नोकरी जाईल.”

“जाऊ दे.”

“आईनं आणखी किती वर्षं खुरपायचं? एका हातापायी जन्माची शिक्षा?”

“वहिनी, तुम्ही म्हणता शिक्षा जड हाय. मी म्हणतो, अजून झालीच न्हाई. चोरी करून नोकरी मिळाली तर ते बक्षीस झालं!” त्यांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. “शिट्टी मी वाजवली, वहिनी. खोटा गोल माझ्या तोंडातनं निघालाय.”

मुरली म्हणाला, “दाजी, पाया पडतो.” भाऊजी म्हणाले, “माझ्या नको. पायानं खेळायचं हुतं ना?” आणि पुढच्या खोलीत गेले.

सकाळी प्लॅटफॉर्मवर आम्ही तिघं. मी साहेबांसाठी पोळीभाजी बांधून घेतली होती. काहीही होवो, रिकाम्या हातानं बोलणं वाईट. साहेब बाकावर बसून चहा पीत होते. भाऊजींनी सरळ सांगून टाकलं. “साहेब, जयभीम. काल शेवटचा गोल ह्येनं हातानं केला. मला दिसला न्हाई. ही माझी चूक, चोरी ह्येची. नोकरी द्यायच्या आधी तुम्हाला म्हाईत असावं.”

साहेब हसायलाच लागले. “अहो, मला दिसलं ना! मी त्याच बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो. काय सफाई होती! म्हणून तर घेतोय त्याला. तुमच्या गावच्या स्पर्धेचं ठीक आहे. आमच्याकडे लीगमध्ये असा एक तरी चलाख पोरगा लागतोच.”

भाऊजींनी खिशातली शिट्टी चाचपली आणि हात तसाच बाहेर काढला. माझ्या मनावरचं ओझं मात्र उतरलं होतं, हे कबूल करते. नोकरी शाबूत होती! मी मुरलीकडे पाहिलं, तर त्याचा चेहरा उतरलेला.

“साहेब,” तो म्हणाला, “आन् पहिल्या हाफमधला शॉट? डाव्या पायाचा? बारला लागला त्यो?”

“कुठला?” साहेबांनी आठवून पाहिलं. “अच्छा, तेव्हा मी चहाला गेलो होतो बहुतेक.”

गाडी आली. साहेब चढले. पोळीभाजी मी खिडकीतून दिली. गाडी सुटल्यावर मुरली पुलाच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबला. “आक्का, त्येनी माझा पाय बघितलाच न्हाई गं...” एवढंच म्हणाला. मग भाऊजींकडे वळला. “दाजी, शिक्षा सांगा.”

पुढच्या रविवारी शाळेच्या वर्गात कमिटी बसली. सावळेराम आबा बाकावर मावत नव्हते, म्हणून टेबलावर बसले आणि तिथूनच गरजले. “रेफ्रीनं शिट्टी दिली, कप आमचा! आन् किसन, असला सोयरा वैऱ्याला बी नको रं बाबा!” भाऊजी म्हणाले, शिट्टी चुकीची होती, सामना परत घ्या. कुणी म्हणालं मुरलीला कायमचं काढा, कुणी म्हणालं विषय सोडा. नियमपुस्तकात असल्या प्रसंगाला काहीच नव्हतं. तेव्हा मुरली उभा राहिला. “मी फक्की मारतो. स्पर्धा सरली तरी रविवारचे सामने हायेत, त्यो सबंध हंगाम. प्रत्येक सामन्याला. का मारतो ते माइकवर सांगा.” आबांनी टेबलावर मूठ आपटली. “घ्या सामना परत! पायानं बी हरवतो तुम्हाला!”

परत घेतलेल्या सामन्याला मैदानावर फायनलपेक्षा जास्त गर्दी. मुरली डबा घेऊन कोपऱ्यावर उभा राहिला आणि भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. माइक माझ्या हातात होता. मी बोलले, “आजची फक्की, मुरलीधर, शिरूर. गेल्या सामन्यातला गोल यांनी हातानं केला होता. तो त्यांनी स्वतः सांगितला.” शेवटचं वाक्य ठरलेलं नव्हतं. भाऊजींनी भुवई उंचावली, पण शिट्टी वाजवली नाही. मग जो गलका सुरू झाला! “ए मुरली, हातानं मार की फक्की!” “अरं, हातानंच मारतोय!” “मग सवयच हाय त्येला!” मुरलीचे कान लाल झालेले मला माइकच्या टेबलावरून दिसत होते. पण रेघ सरळ गेली. साइडलाइन, गोललाइन, पेनल्टीची चौकट. मधलं वर्तुळ पुरं झालं तेव्हा कुठून तरी एकानं टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, मग दौंडच्याच बाजूनं सगळ्यांनी.

शिरूर त्या दिवशी हरलं. सांगायलाच हवं. पण मुरलीनं डाव्या पायानं तसाच शॉट मारला. चेंडू तसाच बारला लागला आणि या वेळी खाली, आत पडला! ड्रायव्हरांनी हातातलं काम सोडून शेडमधूनच इंजिनाच्या शिट्ट्या दिल्या. आबा कप परत करताना पुटपुटले, “गेला तर गेला, पर गोल बघितला.”

हंगाम अर्ध्यावर आला आणि गिरणीचं पत्र आलं. महिना उलटायच्या आत हजर व्हा. मुरली पत्र घेऊन आमच्याकडे आला. जावं तर शिक्षा अर्धी राहते, लोक म्हणणार पळाला. न जावं तर आई आहेच रानात. आणि ज्यांनी हात बघून घेतलं त्यांच्याकडे जायचं, हेही त्याला टोचत होतं. मी म्हटलं, जा. मुरली माझ्याकडे नाही, भाऊजींकडे बघत होता.

भाऊजी दारामागचा डबा काढून त्याची भोकं खिळ्यानं साफ करत बसले. “जा तू,” ते खालीच बघत म्हणाले. “तिथं पायानं खेळ. तुझी राहिलेली फक्की मी मारतो.”

“असा नियम नाही, भाऊजी,” मी म्हटलं. “एकाची शिक्षा दुसऱ्यानं भोगायची?”

“मग लिहा की तुमच्या यादीत. आन् माइकवर नीट सांगा. फुकटचं श्रेय मला नको.”

म्हणून पुढच्या सामन्याला मी सांगितलं, “आजची फक्की, मुरलीधर, शिरूर, यांच्या वतीने किसन रेफ्री.” लोक हसले. भाऊजी वाकून रेघ मारत गेले. इंजिन जुळवणारा माणूस, पण त्यांची रेघ मुरलीइतकी सरळ कधी गेली नाही. “रेफ्री, चष्मा लावा!” अशा आरोळ्या यायच्या आणि ते तोंडात शिट्टी नसतानाही बोटानं ताकीद द्यायचे. हंगाम संपला, शिक्षा फिटली. पुढच्या वर्षी मी माइकवर नुसतंच संघांची नावं वाचायला लागले, तर भाऊजी डबा घेऊन मैदानात उभे! “वहिनी, सांगायचं राहिलं.” मी टेबलावरूनच ओरडले, “ती शिक्षा संपली, भाऊजी!” ते म्हणाले, “मुरलीची संपली. ज्यानं बघितलं न्हाई त्येची कुठं संपली?”

त्यानंतर ते प्रत्येक सामन्याला फक्की मारत राहिले. चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपानंतर पोटाला चिमटा बसला तरी चुना चुकला नाही. नव्या पोरांना वाटायचं, रेफ्रीनंच रेघा मारायच्या असतात. मी तेच वाक्य म्हणत राहिले, ते लोकांच्या अंगवळणी पडलं. पोरं माझ्याबरोबर सुरात म्हणायची, “...यांच्या वतीने किसन रेफ्री!”

मुरलीचं मुंबईत काय झालं, तेही सांगते. दोन हंगाम तो पहिल्या संघात खेळला. मग साहेबांनी त्याला बाजूला केलं. चलाखी कमी पडते म्हणे! भाऊजींना हे पत्रातून कळलं तेव्हा ते क्वार्टरांच्या अख्ख्या रांगेत पेढे वाटत सुटले. कशाचे, हे विचारणाऱ्याला सांगायचे, “आमचा मुरली संघातनं गेला!” माणसं गोंधळून पेढा खायची. नोकरी मात्र टिकली. मुरली रंगखात्यात लागला, आईला घेऊन गेला आणि रविवारी खात्याच्या संघातून खेळतो. डावा पाय अजून तसाच आहे म्हणतात.

आमचा वाद मात्र मिटला नाही. साहेब हसले तो दिवस भाऊजी कधी विसरले नाहीत. “बघा,” ते म्हणायचे, “जिथं खेळायचा पगार मिळतो, तिथं चोरीला शिक्षा न्हाई, वर नोकरी! आन् जिथं लिंबू-पाण्यावर खेळतात, तिथं माणूस डबा घेऊन वाकतो. कडक शिक्षा कुठं पायजे, सांगा.” मी म्हणायचे, “मुरलीला कायमचं काढलं असतं, तर तो परत आला असता का?” ते म्हणायचे, “न्हाई.” मी म्हणायचे, “मग?” ते म्हणायचे, “मग काय? मुरली मुरली हाय. सगळेच मुरली असते तर शिट्टी कशाला लागली असती?” त्यांची शिक्षा पुस्तकातल्या सगळ्या शिक्षांपेक्षा कडक होती आणि तिच्यातून माणूस मात्र शाबूत बाहेर पडायचा, एवढं मी मान्य करते. हे त्यांच्या हयातीत म्हटलं असतं तर त्यांनी अंगणात नाचून शिट्टी फुंकली असती, म्हणून म्हटलं नव्हतं.

यंदाच्या स्पर्धेचा पहिला सामना परवाच्या रविवारी झाला. मी नेहमीप्रमाणे यादी केली. माठ, लिंबं, टिंक्चर, कापूस, माइक. फक्कीच्या पुढे नाव लिहायची कधी गरज पडली नव्हती. पेन तिथे अडलं... मी जागा कोरी सोडली आणि पुढे गेले. सकाळी चहा ठेवत होते, तर दारामागे खुडबुड. मुरली! रात्रपाळी उरकून पहाटेची गाडी धरून आलेला, डोळे तांबडे. खिळ्यावरचा डबा काढून तो तळाची भोकं खिळ्यानं साफ करत बसला होता.

“आक्का, चुना कुठं ठेवलाय?”

मैदान भरलेलं. सावळेराम आबा आता काठी घेऊन येतात, तेही पुढच्या रांगेत. मुरली कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. पोरांनी तोंडं उघडली होती, नेहमीचं वाक्य सुरात म्हणायला. मी माइक तोंडाजवळ नेला. आवाज फुटला, खणखणीत फुटला.

“आजची फक्की, किसन रेफ्री, दौंड, यांच्या वतीने मुरलीधर, शिरूर!”

पोरांचा सूर मध्येच तुटला. मग आबांनी काठी वर केली आणि गरजले, “ए मुरली! रेघ जरा वाकडी मार की रं, किसनची वाटली पायजे!” आणि सगळं मैदान हसलं, ओरडलं, टाळ्यांनी दणाणलं. शेडमधून कुणीतरी इंजिनाची लांब शिट्टी दिली. मुरली वाकला आणि चालू लागला. त्याच्या मागे मागे पांढरी रेघ उमटत गेली. मध्यापर्यंत अगदी सरळ, आणि तिथून पुढे मुद्दाम, भाऊजींच्या वळणाची.

डबा परत दारामागच्या खिळ्याला आहे. पुढचा सामना रविवारी. मुरलीला सुट्टी मिळणार नाही, तेव्हा यादीत मी माझं नाव लिहिलंय. वतीने कुणाच्या, ते माइकवर सांगेन.